कापड माझ्याकडे, काठ्या त्याच्याकडे

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, ताडपत्र्या शिवण्यात हयात घालवलेली, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवते. हल्ली डोळे मिटले की तंबूतली सकाळ दिसते, उजेडाला कापडाचा हिरवा रंग चढलेला. त्यावरून माझ्या शुद्धीवर कोणी शंका घेऊ नये.

एक. राहती खोली, स्वकष्टार्जित, माझ्या पश्चात भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. तिच्या बापाशी माझा अबोला आहे, पण ती दर आठवड्याला येते.

दोन. शिलाई मशीन शेजारच्या शिंप्याला. तो टाके लांब घालतो. मशीन तरी त्याला वळण लावो.

तीन. स्लीपिंग बॅगही भाचीलाच. पिसांची आहे, हलकी. पण ओली झाली की तिच्यात राम नाही. नवी घेतलीस तर तिच्यावर छापलेल्या थंडीच्या आकड्यावर जाऊ नकोस, तो छापणाऱ्याला कधी थंडी वाजलेली नसते. दुकानात लाज वाटली तरी आत शिरून आडवी हो. मी आणि तुझा बाप असेच आडवे झालो होतो आणि गिऱ्हाइकं आम्हाला ओलांडून जात होती.

चार. तंबू. आम्ही दोघे सायकलवरून भटकायचो. भावाचे सायकल दुरुस्तीचे दुकान, त्यामुळे त्याला हलका हवा होता. मला बसून केस विंचरता येतील असा उंच.

"ताई, चढावर ग्रॅमसुद्धा बोलतो."

"आणि पावसात कापड बोलतं."

शेवटी 'दोन माणसांचा' असे लिहिलेला घेतला. ती दोन माणसे कोण, हे मला आजवर कळलेले नाही. आम्ही एकमेकांच्या पायांकडे डोकी करून झोपायचो. त्याच्या पायांनाही वंगणाचा वास यायचा. तसे सुख पुन्हा मिळाले नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका चढावर सायकल ढकलता ढकलता तो थांबला आणि म्हणाला, "तुझं ओझं आता मला झेपत नाही." आई गेल्यावर मी त्याला वाढवले, स्वतःचा संसार केला नाही. मी तिथूनच सायकल मागे वळवली. कापड माझ्या सायकलवर होते, काठ्या त्याच्या. ना मी मागितल्या, ना त्याने दिल्या.

कापड त्याला द्यावे. मी गेल्यावर का होईना, तंबू पुरा उभा राहावा. मला त्याची फार आठवण येते.

पुरवणी, त्याच दिवशी. पहिल्या साक्षीदार डॉक्टरीणबाई आल्या; दुसरा आणते म्हणून भाची गेली आणि बापाला घेऊन आली. त्याच्या सायकलला काठ्या बांधलेल्या होत्या. चौथे कलम त्याने उभ्याउभ्या वाचले.

"ताई, ओझं म्हणजे तुझी पिशवी गं. माझ्या सायकलला अडकवलेली. त्यात ताडपत्रीची लोखंडी कात्री होती."

कात्री होती, हे खरे आहे.

फोनवर विचारले तर वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये. तेव्हा चौथे कलम रद्द. कापड मी कोणालाही ठेवून जात नाही. ते आत्ता अंगणात काठ्यांवर उभे आहे आणि आम्ही दोघे आत आडवे आहोत, त्यामुळे सह्या वाकड्या आल्या आहेत. उजेड हिरवा आहे. माझे डोळे उघडे आहेत.

लिहून ठेवणारी: ताई
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (तंबूबाहेरून) २. धाकटा भाऊ
ठिकाण: तंबूत
दिनांक: चौदा मार्च, सकाळी