मनगटातले पुंजके

३ मार्च
आज कोर्टात बोटांनी दगा दिला! साक्षीदार बहिरा, मी त्याची दुभाषी. वकिलांनी विचारलं, "तुम्ही या माणसाला ओळखता?" माझी बोटं वाकेनात, खूण अर्धवट गेली. त्याला वाटलं, "पाहिलंत?" असं विचारलंय. त्याने मान हलवली – हो. मी ताडकन उभी राहिले. "साहेब, चूक माझी. पुन्हा विचारते." न्यायाधीश चष्म्यावरून बघत राहिले. एखादा उगाच आत गेला असता!

४ मार्च
मूठ मिटत नाही. नवऱ्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आमची भांडणं, लाडीगोडी, सगळं हातांनीच. सकाळी खुणेने म्हणतो, "आज तोतरी बोलतेयस." हसलो दोघंही. मग मोरीत नळ सोडून रडून घेतलं. नळ कशाला सोडला, देव जाणे. त्याला थोडंच ऐकू जाणार होतं!

९ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संधिवाताची सुरुवात दिसतेय. मनगटाच्या सांध्यातल्या अस्तराचा कण सुईने काढून बघायचाय. नणंद लगेच, "वहिनी, धडधाकट हाताला भोकं कशाला पाडून घेता? शेक द्या, तेल चोळा."
धडधाकट? मी तिच्यासमोर मूठ मिटून दाखवली. म्हणजे, मिटली नाहीच.

१२ मार्च
कण काढला. दुखलं. करायचं ते केलं!

२० मार्च
डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझं अस्तर दाखवलं. निळे ठिपके म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी. एरवी तुरळक असतात. माझ्यात मात्र जागोजागी पुंजके – चौकात भांडण बघायला माणसं जमावीत तसे.
"पण भांडण कुणाशी?"
"तुमच्याच सांध्याशी. ठाण मांडलंय त्यांनी."
"इतक्या लवकर?"
"काहींच्यात लवकर जमतात. सगळ्यांच्यात नाही. का, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. पण तुमच्या बाबतीत मी थांबणार नाही. हाड पोखरलं गेलं तर ते भरून येत नाही."
मीही थांबणार नाही. गोळ्या जहाल आहेत, केस गळतील, मळमळेल. गळू देत! त्याआधी रक्त तपासायचं, यकृत वगैरे. दिलं.

२१ मार्च
कोर्टाला कळवलं – एक महिना सुट्टी, मग परत येणार. "येणार" खाली रेघ मारली. नवऱ्याने नवीन खुणा बसवल्यात, बोटं न वाकवता करायच्या. "कंटाळा आला"ची खूण इतकी घाणेरडी केलीय की नणंदेसमोर करता यायची नाही.

२३ मार्च
बाईंचा फोन. रक्ताचा रिपोर्ट आलाय. "गोळी घेतली नाहीत ना?" नाही. "घेऊच नका. त्या गोळ्या आता चालणार नाहीत. बाळाला सोसणार नाहीत. दुसरं औषध आहे, चालणारं. उद्या या."
बाळ! लग्नानंतर अकरा वर्षांनी.
नवरा दुकानातून येईल आता. बाळाची खूण करायला दोन्ही हात लागतात. गरम पाण्यात बुडवून बसलेय.