बोग्नाची बरगडी

क्रुश्वित्सा,
९ ऑक्टोबर

प्रिय बोग्ना,

खूप खूप प्रेम. आम्ही सगळे बरे आहोत. तळ्यावर सकाळचं धुकं उतरायला लागलंय, आईच्या काकड्यांच्या बरण्या भरून झाल्या. तू वल्ही कायमची खाली ठेवलीस, हे तिने रेडिओवर ऐकलं. डोळे पुसत म्हणाली, "पोरीने गावाचं नाव काढलं गं!"

तुझं रौप्यपदक मी टीव्हीवर पाहिलं. अर्ध्या अंतराला तू पाचवी होतीस. आमचे हे म्हणाले, "गेली ही." मी म्हटलं, "गप बसा हो, तिने अजून सुरुवातच केली नाहीये!" मग एकेकीला मागे टाकत आलीस, आणि मी चक्क खुर्चीवर चढले. तेहतिसाव्या वर्षी, एकटीच्या होडीत! विशीतल्या पोरींची दमछाक केलीस.

मुलाखतीत त्यांनी विचारलं, दोघींची होडी का सोडली? तू हसून म्हणालीस, "डॉक्टरांनी बरगडी पकडली. नाहीतर इर्मिनाला मी कशाला सोडते?"

बोग्ना, डॉक्टरांना तुला तपासायला आपले प्रशिक्षक सेवेरिन सरांनी सांगितलं होतं. आणि सरांना मी.

ऑलिंपिकच्या तोंडावर, कपडे बदलताना, कुणाला न सांगण्याची शपथ घालून तू मला सांगितलं होतंस, बरगडीत कळ येतेय म्हणून. दुसऱ्याच सकाळी मी सरांच्या दारात उभी. तुझ्या काळजीपोटी गेले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. दुखऱ्या जोडीदारणीपायी मला माझं ऑलिंपिक घालवायचं नव्हतं.

तुझ्या जागी दुसरीला घेऊन गेले नि सहावी आले. तू मला घ्यायला स्टेशनवर आलीस, छातीला पट्टा बांधून! "रडतेस काय वेडे? जगात सहावी आहेस," म्हणालीस. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी तुझ्याकडे येणंच बंद केलं. तू विचारायचीस, मी दुकानाचं निमित्त सांगायचे. आणि तू त्याच तळ्यात एकटीने उतरून पहिल्यापासून सगळं उभं केलंस.

शनिवारी क्लबात तुझा सत्कार आहे. मी बोलावं, असं तूच सुचवलंस म्हणे. हे तुला कळल्याशिवाय तुझं कौतुक करायला माझी जीभ उचलणार नाही. वाचूनही बोल म्हणालीस, तर बोलेन. नको म्हणालीस, तर मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. तेवढं मात्र अडवू नकोस.

तुझी जोडीदारीण (हा शब्द खोडावासा वाटला, तर खोड),
इर्मिना