बाणाच्या टोकाचा ग्लू

सर,

मी एपॉक्सी वापरायला लागले. तुमच्या पद्धतीचा हॉट मेल्ट, तो तापवून लावायचा ग्लू, सोडला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, या मुलुंडच्या मैदानावर मी स्वतः शिकवायला लागले त्यालाही आता बराच काळ लोटला, तरी बाणांच्या बाबतीत तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नव्हते. या मे महिन्यात गेले. का गेले ते सांगते.

तुमचं घाटकोपरचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. राज्य स्पर्धेसाठी माझी पहिल्यांदा निवड झाली म्हणून तुम्ही एका जुन्या खेळाडूकडून माझ्यासाठी कार्बनचे बाण आणले होते. तोवर मी तुमच्या शाळेतल्या बांबूच्या बाणांवरच वाढलेली. त्या काळ्या, हलक्या नळ्या मांडीवर घेऊन मी नुसती बघत बसले होते. इन्सर्ट म्हणजे काय हेसुद्धा मला तुम्ही तिथेच दाखवलंत: नळीच्या तोंडात बसणारी धातूची छोटी पुंगळी, तिच्यात बाणाचं टोक फिरवून घट्ट करायचं. तुम्ही टोक पकडीत धरता, इन्सर्ट शेगडीच्या बारीक आचेवर नेता, त्याच्यावर हॉट मेल्टची कांडी फिरवता आणि गोल गोल फिरवत नळीत दाबता. "धातू तापवायचो, नळी नाय. नळी तापली की बाण गेलो." मागून काकू ओरडतात, "अहो, ह्यो कसलो वास? माझी कढी आसा थंय!" तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवून पुढचं इन्सर्ट उचलता. मग मला म्हणता, "ह्यो ग्लू बरो. उद्या इन्सर्टाचा वजन बदलूचा वाटला तर परत तापव, काढ, दुसरा घाल. सुधारूक जागा ठेवूची गो." आम्हां सगळ्या मुलींना तुम्ही शिकवलंत ते याच रीतीने. चुकलं तर परत ये, परत मार.

आता मे महिन्यातली गोष्ट. माझ्याकडे एक बाई शिकतात. मेट्रो स्टेशनवर तिकीट खिडकीत नोकरी, घरी दोन मुलं, आणि चाळिशी जवळ आल्यावर हातात धनुष्य घेतलेलं. सासरचे हसले होते. नवरा म्हणाला होता, "बघू किती दिवस टिकतंय." ते टिकलं, आणि जिल्ह्यातून त्या राज्याच्या निवड चाचणीपर्यंत पोचल्या. चाचणी तोंडावर आलेली असताना एका दुपारी त्या टार्गेटजवळून हाक मारतात, "ताई, टोक आतच राहिलं!" बाण हातात, टोक इन्सर्टसकट टार्गेटच्या फोममध्ये. दुसऱ्या फेरीत परत तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्या गवतावरच बसल्या. "वाट लागली ना ताई. चाचणीत असं झालं तर मारू कशाने?"

क्लबचे सेक्रेटरी लगेच म्हणाले, "मॅडम, सुपरग्लू लावा ना, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, "थांबा. आधी बघते." घरी आले आणि पहिल्यांदा मनात तुम्हालाच विचारलं. उत्तर आलं ते तुमच्याच आवाजात, मैदानावर एकदा सगळ्यांसमोर मला झापलं होतंत तसं: "धनुष्य तुझां, हात तुझो, मगे डोकां माझां कित्याक?" तेव्हा मी रडले होते. या वेळी हसू आलं.

मग मी रीतसर बघितलं. माझ्याच जुन्या बाणांना हॉट मेल्ट, सुपरग्लू आणि एपॉक्सी असे तिन्ही ग्लू लावले, ते दुपारच्या उन्हात गच्चीवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर मारून पाहिले. सर, आपल्या वेळचं गवताचं टार्गेट आता नाही. हा नवा फोम इतका घट्ट आहे की बाण घुसताना आणि उपसताना टोक तापतं. त्यात हे ऊन. तुमचा हॉट मेल्ट आतल्या आत मऊ होतो आणि नळी एकटीच हातात येते. सुपरग्लू उपसताना टिकला, पण बाण लाकडी चौकटीवर आदळला तसा काचेसारखा तडकला. एपॉक्सी दोन्हीत हलला नाही. पाच मिनिटांत आवळणारा नव्हे, वाळायला रात्रभर घेणारा, थोडा लवचीक राहणारा. नळी आतून पॉलिश पेपरने हलकी घासायची, स्पिरिटने पुसायची, ग्लू पातळ लावायचा आणि टोक खाली करून बाण उभे ठेवायचे.

फक्त एक अडचण होती, तुम्ही सांगितलेलीच. एपॉक्सी लावला की ते इन्सर्ट कायमचं. म्हणून आधी मी बाईंचे बाण हॉट मेल्टवर जुळवले, इन्सर्ट हलके-जड बदलत राहिले, त्यांचा नेम जिथे स्थिर झाला ते वजन धरलं, आणि मगच सगळं काढून, पुसून एपॉक्सी लावला. त्यांनी विचारलं, "ताई, आता बदलता नाही येणार ना?" मी म्हटलं, "नाही. आणि बदलायची गरजही नाही." इतकं ठाम मी याआधी कुणाला काही सांगितलं असेल असं वाटत नाही.

चाचणीच्या दिवशी वारा होता. त्यांचे पहिले काही बाण बाहेर गेले, मग हात बसला. प्रत्येक फेरीनंतर त्या टार्गेटकडे चालत जात, बाण उपसत आणि टोकाकडे न बघता परत येत. संघातली शेवटची जागा त्यांची झाली. नवऱ्याला फोन करून त्या एवढंच म्हणाल्या, "झालं माझं. डबा करून ठेवा, उशीर होईल."

आता आमच्या मैदानावर सगळे माझ्या पद्धतीने बाणांची टोकं बसवतात. ती पद्धत बरोबर आहे, सर, मला शंका नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते: तुम्ही त्या दिवशी मैदानावर उभे असतात तर मी हे केलं नसतं. तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं आणि शेगडी पेटवली असती.