गाफच्या सावलीतला शुक्रवार

शुक्रवार, १२ डिसेंबर २००३

प्रिय नूरुद्दीन,

सलाम. यम्नाच्या मागणीचं काय ठरलं, म्हणून तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी रेंज नसल्याचं निमित्त केलं. रेंज होती. तुझ्या राहिलला मी मुलगी देणार की नाही, ते या पत्रात लिहितो, पण शेवटी. तोवर थांबावं लागेल. शेवटचं पान आधी उलटू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

गेल्या गुरुवारी तुझे ते गोरे साहेब तुझी मोठी कॅराव्हान, ते चाकांवरचं घर, भाड्यानं घेऊन इथे बागेत मुक्कामाला आले. त्यांना चौदा नंबरची जागा मिळाली. एवढ्या सावलीच्या बागेत तिथेच तेवढं झाड नाही आणि खाली नुसती खडी. दुपारी ते बिचारे कॅराव्हानच्या दारात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले होते. सावलीतल्या जागा रिकाम्या होत्या. राखणदार मीच, तेव्हा जागा मीच देतो. काल तुझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला पक्ष्यांच्या झाडाखाली उभं केलं. सकाळपर्यंत छत पांढरं झालं होतं. तुझ्या ऑफिसात तक्रार आली असेलच. हा पोरखेळ झाला, पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तुला हीच बाग आठवते का? ब्याण्णवचा फेब्रुवारी. आपण दोघं दुबईत अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये कॅराव्हान दुरुस्त करायचो आणि अरबाब, आपला मालक, भाड्याच्या गाड्यांबरोबर एक फिटर पाठवायचा. चाकांखाली ठोकळे घालून गाडी सपाट करायची, पाण्याचा पाइप जोडायचा आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत झाडाखाली बसून राहायचं. त्या आठवड्यात माझी पाळी होती. गुरुवारी दुपारी तू पिकअप घेऊन आलास, देऱ्याच्या बाजारातून शेरी मासा आणला होतास. गिऱ्हाईक डोंगरात फिरायला गेलं होतं. आपण त्यांच्याच स्टोव्हवर मासा तळला आणि नंतर तो वास जाईना म्हणून सगळ्या खिडक्या उघडून पडदे हलवत बसलो. शुक्रवारी नमाज पढून आलो आणि गाफच्या झाडाखाली चटईवर आडवे झालो. ती बारीक पानं, खालची गार वाळू, कुठे आवाज नाही. तू शर्टाच्या खिशाला सारखा हात लावत होतास. मला वाटलं, सिगारेट सोडलीयस, जुनी सवय हाताला आठवते आहे.

मी सांगतो, या मुलखात वीस वर्षं काढली, पण त्या शुक्रवारासारखा दिवस दुसरा नाही. पुढे वर्कशॉप बंद पडलं, तू देऱ्यातल्या ओळखीवर स्वतःच्या गाड्या घेतल्यास, अजमानला घर केलंस, ‘नूरुद्दीन अँड सन’ असा बोर्ड लावलास. मी मात्र या बागेतली नोकरी मागून घेतली. लोक हसले. पगार कमी, बायको-मुलीला गावीच ठेवावं लागलं. अन्वरी वर्षावर्षानं भेटते. तरी आलो, का तर ते झाड इथे आहे.

ईदला गावी गेलो तेव्हा आपल्या मोहल्ल्यातली हव्वाबी तुझी मागणी घेऊन आली. तुझ्यासारख्या माणसानं आपल्या एकुलत्या एक मुलासाठी माझ्यासारख्याच्या लेकीचा हात मागावा, मला भरून आलं होतं. हव्वाबीनं चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाली, “आईनं बोलावलं तेव्हा आला नाहीस, लेकीच्या मागणीला बरा धावत आलास.” मी म्हटलं, आईनं कधी बोलावलं? ती म्हणाली, पत्र पाठवलं ना तुला. आईच्या तोंडचं पत्र तिनंच लिहिलं होतं. पोटात गाठ निघालीय, डॉक्टर ऑपरेशन म्हणतो, मला भीती वाटते, चार दिवस ये. दुबईला निघालेल्या मोहिद्दीनच्या हातात तिनंच ते दिलं. मी तसाच उठून मोहिद्दीनकडे गेलो. म्हातारा आता अंथरुणाला खिळलाय, पण डोकं साफ आहे. म्हणाला, वर्कशॉपवर गेलो तर तू नव्हतास. नूरुद्दीन म्हणाला, मी गुरुवारी बागेतच चाललोय, यल्ला, दे इकडे.

गावाकडून आलेलं पत्र रूमपार्टनरच्या हाती द्यावं आणि ते पोचलं असं समजावं, हा आपल्या सगळ्यांचा रिवाज. पाकिटाला आपण कधी डिंकसुद्धा लावला नाही. त्या खिशात काय होतं ते मला अकरा वर्षांनी कळलं.

तू असं का केलंस, हे मी तुला विचारणार नाही, कारण ते मी ताडलंय. ईदनंतर तुझ्या बहिणीचं लग्न होतं आणि अरबाब उन्हाळ्याआधी दोघांपैकी एकालाच रजेवर सोडणार होता. माझ्या हातात पत्र पडलं असतं तर रजा माझी झाली असती. बहिणीच्या लग्नासाठी तू मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं कोण जाणे, कदाचित अरबाबच्या पाया पडून तुझ्यासाठीही रजा मागितली असती. तू मला विचारायची वेळच आणली नाहीस. तू गावी गेलास, मांडवात मिरवलास. आणि हव्वाबी सांगते, तू आईला भेटायला गेलास तेव्हा तिनं विचारलं, माझं पत्र खैरूला पोचलं का रे? तू म्हणालास, पोचलं चाची, पण तो कामात आहे. पाचव्या दिवशी ती गेली. तू जनाज्याला खांदा दिलास आणि मला फोनवर म्हणालास, अचानक झालं, कुणाला कल्पना नव्हती.

नूरुद्दीन, पत्र लपवलंस ते एक वेळ मी गिळलं असतं. पण ‘पोचलं’ म्हणालास. पोराला बोलावलं आणि पोरगा आला नाही, असं समजून ती मेली. अकरा वर्षं सगळा गाव मला दगड समजत होता आणि मी खजुराच्या पेट्या वाटत हसत फिरत होतो. माझा तुझ्यावर राग आहे आणि तो मी मरेपर्यंत जपणार आहे. माफीबिफी मागायला इकडे येऊ नकोस.

काल राहिल पाण्याची मोटर बदलायला आला होता. काम झाल्यावर त्याला झाडाखाली बसवलं आणि सगळं सांगितलं. तुझ्याबद्दल एक शब्द वाढवून बोललो नाही, गरजच नव्हती. तो हाताचं ग्रीस पुसत राहिला. मग म्हणाला, “चाचा, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तुमच्या घरची दादी मला रोज तुमची एसटी बघायला पाठवायची. परत येऊन मीच सांगायचो, आज पण नाही आला.” आणि लहान मुलासारखा रडला. मुलगा चांगला आहे. तुझ्या घरात असा कसा निपजला, याचं मला नवल वाटतं.

तर उत्तर. यम्नाला तो पसंत आहे, आणि मलाही. माझा होकार आहे. पण ती तुझ्या अजमानच्या घरी येणार नाही. राहिल गावी आमच्या घरी राहील, घरजावई म्हणून. स्टँडजवळ त्याला गॅरेज टाकायचंय. मी फक्त विचारलं, हो तो म्हणाला, आणि लगेच म्हणाला. तुझ्या बोर्डावरच्या ‘सन’चं काय करायचं ते तू बघ. उद्या तुझं दुखलंखुपलं आणि तू त्याला बोलावलंस, तर यायचं की नाही ते तो ठरवील, मी त्याला ये म्हणणार नाही. त्याचा व्हिसा तुझ्या कंपनीचा आहे, तुझ्या सहीशिवाय कॅन्सल होत नाही. हे पत्र देऊन तो तुझ्यासमोर उभा असेल, फॉर्म त्याच्याच हातात आहे. व्हिसाचं ऑफिस उद्या सकाळी उघडतं. सही कर.

तुझाच होणारा व्याही,
खैरुद्दीन