ठरावाशिवाय मांडव नाही

१६ एप्रिल १९७८, रविवार. सकाळी.
अंजनाचं जमलं. धनजचे पाहुणे काल पसंती देऊन गेले. मुलगा गोविंदा, शाळेत मास्तर आहे, बोलतो कमी. लग्न पंधरा मेला, दुपारच्या मुहूर्तावर. मांडव आणि हळद आदल्या दिवशी.

एक गोष्ट आजच पक्की केली. मांडव माझ्या दारात पडेल. अर्धं आयुष्य कारंज्यात दुसऱ्याच्या खोल्यांत काढलं. सोसायटीत घर बांधलं ते काय नुसतं झोपायला? एकच लेक आहे. तिची पाठवणी बापाच्या दारातून झाली पाहिजे. मेहुणा देवमन म्हणत होता, इंझोरीले करा, माह्या घरापुढं मोप जागा हाय. साफ नाही म्हटलं. मामाच्या दारी लग्न लावलं तर लोक म्हणतील, बापाला दार नव्हतं.

बायकोचं, म्हणजे चतुराचं, म्हणणं पडलं की सोसायटीचा नियम सतरा आडवा येईल. तिला काय माहीत. नियम सतरा मीच लिहिला आहे. ‘कार्यकारी मंडळाच्या ठरावाशिवाय कोणाही सभासदास घरासमोर खड्डा, खांब, छप्पर अथवा कच्चे बांधकाम करता येणार नाही.’ सचिव मी आहे. अर्ध्या तासाचं काम.

१८ एप्रिल, मंगळवार.
नियम सतरा पुन्हा वाचला. उत्तम ड्राफ्टिंग. एक शब्द जास्त नाही.

दोन वर्षांमागं शेजारच्या गोविंदसिंगनं म्हशीसाठी चार बल्ल्या ठोकून छप्पर टाकलं होतं. त्यावर हा नियम केला. छप्पर काढावं लागलं, म्हैस शेतात गेली. तेव्हापासून गोविंदसिंग माझा नमस्कार घेत नाही. पण मनातून मानत असावा.

२३ एप्रिल, रविवार.
मासिक सभा. मंडळाचे सातही जण हजर. आमचे अध्यक्ष बबनराव, रिटायर्ड ओव्हरसियर, यांनी चहा येण्याआधीच विषय काढला. म्हणाले, अंजनाचा मांडव ना, टाकून द्या, त्याले ठराव कायले पाह्यजे? पोरगी साऱ्या कॉलनीची हाय. सगळ्यांनी माना हलवल्या. गोविंदसिंगनंसुद्धा हलवली.

मला उभं राहावं लागलं. विषय अजेंड्यावर नव्हता. परवानगीच्या विषयाला पूर्ण सात दिवसांची नोटीस लागते. बबनराव म्हणाले, ऐनवेळच्या विषयात घ्या. मी सांगितलं, ऐनवेळच्या विषयात नाली आणि लाईटचे खांब येतात, परवानग्या येत नाहीत. सचिवानं स्वतःच्या घरासाठी नियम वाकवला तर उद्या कोण मानेल?

चांगला प्रभाव पडला. बबनराव पेपर वाचायला लागले.

घरी येऊन सगळं सांगितलं. चतुरानं विचारलं, म्हणजे ते हो म्हणत होते अन् तुमी नाई म्हटलं? मी फरक समजावून सांगत होतो, तोवर ती गहू निवडायला आत गेली.

२९ एप्रिल, शनिवार.
नोटीस काढली. सात मेची विशेष सभा. घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. एक प्रत स्वतःला दिली, पोच घेतली.

हे काम आज झालं नसतं तर गडबड झाली असती. वेळेचं भान ठेवणारा माणूस सोसायटीत मी एकटाच.

दुपारी लक्षात आलं की आज एकोणतीस आहे. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नाही. तीस ते सहा, बरोबर सात. जमलं. उगीच घाम फुटला.

२ मे, मंगळवार.
ऊन फार. अंजना विचारत होती, हळदीच्या दिवशी अंगण सारवलं तर चालेल का. नियम अकराप्रमाणं शेणाचं सारवण बंद आहे, माशा होतात. स्वतंत्र अर्ज दे म्हटलं. तिनं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, राहू द्या बाबा.

समजूतदार मुलगी आहे. माझ्यावर गेली.

७ मे, रविवार.
सभा. चौघंच आले. बबनराव, गोविंदसिंग, कॉलनीतले एक मास्तर आणि मी. ठरावाला चारच लागतात, त्यामुळं काळजी नव्हती.

विषय क्रमांक एक, माझा मांडव. बबनरावांनी वाचला. ते ‘मंजूर’ म्हणणार एवढ्यात मला आठवलं की ज्याचा विषय त्यानं सभेत बसू नये. हाही नियम माझाच. मी उठून बाहेर गेलो. बाहेर आमचा चौकीदार सोमला बिडी ओढत बसला होता. मला पाहून त्यानं विझवली.

थोड्या वेळानं बबनराव चपला घालत बाहेर आले. म्हणाले, तुमी बाहेर गेले तवा आमी तीन राह्यलो. तिघात ठराव होत नाई असं तुमीच लिहून ठेवलं हाय. मास्तरांना हसू येत होतं. गोविंदसिंग म्हणाला, खुशाल टाका मांडव, आम्ही त्या दिवशी डोळे मिटून बसतो.

डोळे मिटण्याची नियमात तरतूद नाही. तसं सांगितलं.

सायंकाळी नवी नोटीस काढली. पूर्ण सात दिवस धरले की पंधरा मे येतो. म्हणजे लग्नाचाच दिवस. हरकत नाही. सभा सकाळी आठला, मांडव दहापर्यंत उभा, मुहूर्त दुपारी. उलट ताजा मांडव मिळेल. चतुरा म्हणाली, हळद मांडवात लागते, आदल्या दिवशी. हळद घरातही लागते असं मी म्हटलं. ती हळदीचं सामान आवरायला लागली. तिला पटलं असावं.

१० मे, बुधवार. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.
पुरणपोळी झाली. जड वाटलं. चतुरा पत्रिका घेऊन कॉलनीभर फिरून आली. सगळे लग्नाला येतो म्हणाले. मी मागून जाऊन सगळ्यांना सभेची आठवण दिली. तेही हो म्हणाले.

१४ मे, रविवार.
आज जे झालं ते शांतपणे लिहून ठेवतो.

सकाळी देवमन दोन बैलगाड्या भरून जांभळाचे डहाळे घेऊन इंझोरीहून आला. मांडवाचे डहाळे. रातभर बैल हाकत आला. सोबत गावचे चार-पाच जण, बल्ल्या, पहार. सोमलानं गाड्या फाटकावर अडवल्या. तशी माझीच ऑर्डर होती, ठरावाशिवाय कच्चं सामान आत येऊ द्यायचं नाही.

देवमनला उद्या सकाळी आठपर्यंत थांबायला सांगितलं. कडुनिंबाची सावली आहे, पाणी आहे, बैल सोडा. तो आधी हसला. त्याला गंमत वाटली. मग मी नोटीस दाखवली तेव्हा हसू गेलं. तिकडं बायका फाटकापर्यंत ताट घेऊन आल्या होत्या, मांडवाचं गाणं सुरू झालं होतं. ते मधेच थांबलं.

अकरा वाजेपर्यंत डहाळ्यांची पानं गळायला आली. बबनराव दोनदा येऊन गेले. म्हणाले, इंद्रभानजी, मी अध्यक्ष म्हणून तोंडी सांगतो, आत घ्या. तोंडी परवानगी मी आजवर कोणालाही दिली नाही, मग घेऊ कशी?

शेवटी देवमन माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, “भाऊजी, डहाळे सुकून राह्यले. मी वापस नेतो. अन् पोरीलेही नेतो. आज रातची हळद इंझोरीले लागंल.”

मी चतुराकडं पाहिलं. ती आत गेली आणि बांधलेली पेटी घेऊनच बाहेर आली. म्हणजे पेटी आधीपासून बांधलेली होती. धनजला निरोपही बसच्या कंडक्टरबरोबर सकाळीच गेला होता म्हणे. मला म्हणाली, “तुमी या मंजुरी घेऊन.”

अंजना डहाळ्यांवर बसली. गाडी वळली तेव्हा तिनं हात केला. मीही केला.

हा तात्पुरता प्रश्न आहे. उद्या आठला ठराव, साडेआठला जीप, दहाला सगळी मंडळी परत इथं. मुहूर्त दुपारचा आहे. हिशेब चुकत नाही. घरात भाकरी झाकून ठेवली आहे. भूक नाही.

१५ मे, सोमवार. सकाळी, सोसायटीच्या ऑफिसात.
आठ वाजले. कोणी नाही.

सोमलाला घरोघरी पाठवलं. परत येऊन म्हणाला, साहेब, सारे इंझोरीले गेले. कायले, तर तुमच्या पोरीच्या लग्नाले. अध्यक्षांनी ट्रक केला. मी म्हटलं, सभा आहे हे त्यांना माहीत होतं. सोमला म्हणाला, माहीत होतं. तुमी कसे नाई गेले?

त्याला नियम कोण समजावणार.

डोकं शांत ठेवलं. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब केली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. सात तारखेला हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, आज माझ्या आलं. अर्ध्या तासानं सभा पुन्हा सुरू केली. अध्यक्षस्थान मी स्वीकारलं. विषय क्रमांक एक वाचला. माझाच विषय असल्यामुळं मी बाहेर गेलो. दार ओढून घेतलं. थोडा वेळ उन्हात थांबलो. मग आत आलो. विरोध कोणाचा नव्हता.

ठराव एकमतानं मंजूर. अट: विवाहकार्यापुरता एक दिवस, मांडव सूर्यास्तापूर्वी काढावा, खड्डे बुजवून जमीन पूर्ववत करावी. अट मीच घातली. नाहीतर लोक म्हणतील, सचिवानं सवलत घेतली.

जिंकलो. आता जीप पाहतो.

१६ मे, मंगळवार.
काल जीप मिळाली नाही. लग्नसराई आहे, साऱ्या गेलेल्या. बस निघून गेली होती. सरकीच्या ट्रकवर बसून मानोऱ्याच्या वाटेपर्यंत गेलो, पुढं सायकलवाल्याच्या मागं. पोचलो तेव्हा शेवटची पंगत बसली होती.

मांडव मोठा होता. आदल्या दिवशीचेच डहाळे, पण पाणी मारून मारून ताजे ठेवले होते. कन्यादान देवमननं आणि त्याच्या बायकोनं केलं. भटजी मुहूर्त टळू देईना, चतुरा म्हणाली. मी कोटाच्या खिशातून ठराव काढून बबनरावांना दाखवला. त्यांनी हातात लाडू धरूनच वाचला. म्हणाले, बरोबर आहे, एक चूक नाही.

कोणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

पाठवणीच्या वेळी अंजना सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्यापाशी आली तोवर तिचं रडून झालं होतं. तिनं एवढंच विचारलं, “बाबा, जेवले का तुमी?”

जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो.

१८ मे, गुरुवार.
चतुरा इंझोरीलाच थांबली आहे. घरात आवाज नाही. स्टोव्ह पेटवताना हात भाजला, थोडासा. नोकरीच्या ऑफिसात सगळ्यांना लग्न छान झालं म्हणून सांगितलं. छानच झालं.

विचार करता एक मार्ग दिसतो. मांडवपरतणी बाकी आहे. लग्नानंतर लेक-जावई मांडवात परत येतात, दोन घास खातात, त्याशिवाय लग्न पुरं होत नाही. म्हणजे विवाहकार्य अजून चालू आहे. ठरावात ‘विवाहकार्यापुरता एक दिवस’ असेच शब्द आहेत. तो दिवस मी अजून वापरलेला नाही. ड्राफ्टिंग चांगलं असलं की असा उपयोग होतो.

परतणी रविवारी. अंजनाचं घर हे आहे. ती इथंच येणार. वेगळं कळवायची गरज वाटत नाही.

२१ मे, रविवार. सायंकाळी.
पहाटेच सोमलाला घेऊन चार खड्डे खणले. बल्ल्या भाड्यानं आणल्या. जांभूळ जवळपास नाही, कडुनिंबाचे डहाळे टाकले. नऊच्या आत मांडव उभा. सोसायटीतला पहिला रीतसर मांडव. ठरावाची प्रत दाराला लावली. श्रीखंड आणलं, जावई गोविंदाला आवडतं असं ऐकलं होतं.

खुर्ची टाकून मांडवात बसलो. बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं.

अकराला बबनराव फिरत आले, मांडव पाहून म्हणाले, आता हे काहून? सांगितलं. ते खुर्चीच्या बाजूला उभे राहिले, मग घरी गेले.

दुपारी दोनच्या बसनं गोविंदसिंग मानोऱ्याहून आला. बस इंझोरीवरूनच येते. फाटकातून सरळ माझ्याकडं आला. म्हणाला, “भाऊ, पोट्टी अन् जवाई सकाळीच इंझोरीले आले. परतणी तिथं होऊन राह्यली. जिथं मांडव पडला तिथंच परततात न.”

त्यानं मला भाऊ म्हटलं. आजवर कधी म्हटलं नव्हतं.

तो म्हणतो ते बरोबर आहे. परतणी ज्या मांडवात लग्न लागलं त्याच मांडवात होते. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. मी कोणाला विचारलं नाही.

गोविंदसिंगला श्रीखंड दिलं. तो मांडवात खाली बसूनच खाऊन गेला.

पाचला सोमला आला. म्हणाला, साहेब, राहू द्या आजची रात, कोण पाहते? मी म्हटलं, नाही, सूर्यास्ताच्या आत काढायचा आहे. त्यानं बल्ल्या काढल्या, मी डहाळे ओढले. खड्डे मी स्वतः बुजवले. पाणी टाकून पायानं दाबले.

जमीन पूर्ववत झाली. इथं काही होतं असं आता वाटत नाही.