चिखलात न रुतलेला

कोपरी, ठाणे पूर्व
ता. १८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. लक्ष्मीबाय,

दादाचा आशीर्वाद. मानपाड्याला सगळी बरी असाल. गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकत जा. अक्षर वाकडं आलंय, कारण उजवा हात प्लास्टरात आहे, डावा अजून शिकतोय. फोनवर बोलवेना, म्हणून सूनबाई प्राचीच्या हाती पत्र धाडतोय.

यंदा चाळीत पाणी शिरलं नाही. बाच्या मिठागराची उघाडी, ते बांधातलं पाण्याचं दार, मी आणि शेजारच्या दौलतने मोकळं केलं, तिवरांची झाडं लावली. आता पावसाचं पाणी घरांत न घुसता खाडीकाठच्या खाजणात पसरतं. चिखलावर सरपटणारे निवटे मासे, चिंबोऱ्या परत आल्या. बगळे तर घरजावयासारखे बसून असतात.

तुझ्या हर्षितला ते पटलं नव्हतं. "मामा, चिखलात काय ठेवलंय? माझे डंपर आहेत. डेब्रिज टाकू, गाळे काढू."

दौलत म्हणाला, "काढ बाबा. पण शटरऐवजी होडी बांध दाराला."

सगळे हसले. हर्षित नाही हसला.

सोमवारी भरदुपारी, ओहोटीला, बिननंबरच्या डंपरमधून तिघे उतरले. तोंडाला रुमाल. दोघे कोयत्याने तिवरं तोडायला लागले, तिसरा पहारीने उघाडी फोडायला. दौलत आडवा गेला. पहार त्याच्या डोक्यात बसली. बाय, नारळ फुटावा तसा आवाज आला. गुडघ्यावर पडूनही तो उघाडीची फळी सोडेना, म्हणून दुसरा घाव. मी फावड्याने एका कोयतेवाल्याचा खांदा फोडला, तोवर तीच पहार माझ्या हातावर आली.

चाळीतली माणसं धोंडे घेऊन धावली. डंपरची वाट अडली, तसे तिघे खाडीच्या चिखलात पळाले. दोघे कंबरेपर्यंत रुतले. लोकांनी बाहेर ओढून असं तुडवलं, की मीच ओरडलो, "मरतील रे!" भाड्याची पोरं. तिसऱ्याचं नाव सांगत नाहीत.

तिसरा रुतला नाही. तो पोटावर आडवा झाला, हात पसरले आणि निवट्यासारखा सरपटत पार गेला. ही चाल आता कोणाला येते? मला बाने शिकवली. मी एकाच पोराला शिकवली, ज्याला तू मे महिन्यात माझ्याकडे सोडायचीस.

काल तो हॉस्पिटलात आलेला, नारळपाणी घेऊन. "मामा, चेहरा बघितला का कोणाचा?"

"नाही रे."

हवालदारालाही मी तेच सांगितलं होतं. तुझ्या पोटचा, म्हणून जीभ उचलेना. पाय धरून रडला गं. मी डोक्यावरून हात फिरवला.

आज सकाळी दौलत गेला.

त्याची रतन माझ्या खाटेशी आली. रडली नाही. "भाऊजी, तुम्ही होतात ना तिथे?" एवढंच म्हणाली.

उद्या संध्याकाळी हवालदार पुन्हा जबाब घ्यायला येतोय. मी नाव सांगणार. त्याआधी तू त्याचा हात धरून त्याला चौकीत ने. स्वतःच्या पायांनी जाऊ दे त्याला, फरफटत नको.

भाऊबीजेला मी येईन. दार उघडलंस तर पाटावर बसेन, नाही तर पायरीवरून परत फिरेन.

तुझा दादा, आणि दौलतचा साक्षीदार,
आनंदा