बेटावरचं पुराण

मंगळवार, संध्याकाळ. बडोदे.

डोकं भणभणलंय. खिडकी लावली तरी डंपरचा आवाज आत येतोच.

आमच्या सोसायटीमागे, विश्वामित्रीच्या काठाला, एक उंचवटा आहे. गेल्या पुरात तेवढाच कोरडा राहिला, तेव्हापासून सगळे त्याला बेट म्हणतात. आता तिथे फ्लॅट होणार, म्हणून भोवताली भराव टाकताहेत. बेट रोज वाढतंय आणि नदी रोज आमच्याकडे सरकतेय. नदीला इतकं खेटून बांधायला परवानगी मिळतेच कशी? मिळाली म्हणे. कोणाला विचारायचं?

सकाळी शेजारच्या हंसाबेन सासूबाईंना म्हणाल्या, "माजी, पाछळ पुराण चाले छे." गुजरातीत भरावाला पुराण म्हणतात, हे साताऱ्याहून नुकत्याच राहायला आलेल्या आईंना कुठून ठाऊक असणार! त्या धुतलेलं पातळ नेसून, ओंजळभर मोगरा घेऊन मागे गेल्या. केसांत धूळ घेऊन परत आल्या.

"बुवा कुठे दिसले नाहीत गं. नुसती माती ओतताहेत."

मी हसले. मग गच्चीवर जाऊन पाहिलं. भराव आमच्या कुंपणाच्या वर गेलाय. हसू तिथेच राहिलं. यंदा पाणी चढलं तर त्याला जायला आमच्या घरांशिवाय वाट नाही.

मोगरा ओट्यावर तसाच पडलाय, काळवंडलेला. आत्ता आईंनी विचारलं, "पुराण संपलं की प्रसाद देत असतील ना?"

देतील, आई. पावसाळ्यात. घरपोच.